तीन चुंगड्या आणि पाच बांध्या



गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी सकाळची गाडी धरली की आमगाव, धानोली मागे टाकीत पाऊण-एक तासात सालेकसा येते. कार्तिकाचा महिना असावा, खिडकीजवळची जागा मिळावी आणि बाहेर धुके नुकते उठत असावे. रुळांच्या दोन्ही अंगांना धान कापलेल्या बांध्या, त्यांत वाळत पडलेल्या कडपा, मध्येच एखादे पुंजणे, आणि धुऱ्यांवर पिवळ्या फुलांनी लगडलेली तूर. पुढे दरेकसाच्या बाजूला डोंगर निळे दिसू लागतात. त्या डोंगरांपलीकडे छत्तीसगड. हा महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरचा भाग आहे. आपल्या राज्याचा पुष्कळसा भाग काळ्या कातळावर बसलेला आहे. हा भाग मात्र त्याहून फार जुन्या, ग्रॅनाइट जातीच्या खडकावर आहे. तांबडी-पिवळी माती, मोहाची झाडे, तळी-बोड्या आणि धान हे सारे त्या खडकाच्या पोटातून आलेले आहे, असे म्हटले तरी चालेल.

मी पहिल्यांदा येथे नोकरीवर आलो तेव्हा हा तालुका भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मधल्या काळात माझी बदली तीन-चार ठिकाणी झाली, केस पांढरे झाले, आणि आता पुन्हा याच बाजूच्या गावांची कामे माझ्याकडे आली आहेत. परवाच्या खेपेला पिशवीत माती परीक्षणाच्या आरोग्य पत्रिकांचा गठ्ठा होता. पत्रिका वाटणे हे पाच मिनिटांचे काम. त्या वाचून दाखविणे हे दिवसाचे काम. घरोघरी ही पत्रिका देव्हाऱ्यामागे नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली असते आणि कोणी ती उघडून पाहत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पहिल्याच घरी एका बाईंनी मला अडविले. वय तिशी-पस्तिशीचे. नवरा मजुरीसाठी हैदराबादकडे गेलेला, सासरे थकलेले, दोन मुले शाळेत. शेती पाहतात त्याच. पाणी देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, तीन चुंगड्यांचे पैसे हायेत जी. बांध्या पाच हायेत. कोनत्या बांधीत टाकू ते सांगा. कागद मंग वाचा.”

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. हेक्टरी शिफारस किती, हे कोणीही विचारतो आणि आम्हीही पोपटासारखे सांगतो. पण हातात पैसे थोडे आहेत, खत थोडे आहे, तर ते कोठे पडावे आणि कोठे पडू नये, हा खरा संसारी माणसाचा प्रश्न. चुंगडी म्हणजे त्यांच्या मनात डीएपीची पिशवी होती. तिच्यात मोल द्यायचे ते मुख्यतः स्फुरदाचे. म्हणून हा सारा लेख स्फुरदाबद्दल आहे.

ओसरीवर खाटेवर त्यांचे सासरे बसले होते. त्यांनी मला ओळखले. मी मात्र त्यांना ओळखून थोडा गप्पच झालो. त्याचे कारण आधी सांगून टाकतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, पदवी नवीन, उत्साह दांडगा, अशा दिवसांत याच बाबाजींच्या एक एकर सिहार जमिनीत मी एकरी दोन पिशव्या डीएपी टाकायला लावले होते. पहिल्या वर्षी धान बरे आले. दुसऱ्या वर्षीही तसेच. तिसऱ्या वर्षी रोवणीनंतर तीन आठवड्यांनी पाने गंजल्यासारखी तांबूस-तपकिरी झाली, फुटवे खुंटले. मी आलो, पाहिले, आणि रोग समजून बुरशीनाशक फवारायला सांगितले. त्याचाही खर्च झाला. पीक अर्ध्यावर आले आणि दुकानाची उधारी फेडण्यासाठी बाबाजींनी एक बैल विकला. पुढे एका प्रशिक्षणात मला तीच पाने दाखविली गेली. तो खैरा होता. त्याला खैरा रोग म्हणतात खरे, पण तो जंतूंचा रोग नाही, जमिनीत जस्त कमी पडल्याची खूण आहे. हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते. हलक्या जमिनीत जस्त आधीच थोडे, त्यात मी दरवर्षी दुप्पट-अडीचपट स्फुरद ओतायला लावले. जास्त स्फुरदाने पिकाला जस्त मिळणे आणखी अवघड होते. चूक माझी होती. बैल त्यांचा गेला.

बाबाजी हसून म्हणाले, “साहेब, या खेपेला बैल नाही जी आमच्या घरी.” मी त्यांच्या पायाशी बसलो आणि पत्रिका उघडली. मग त्यांच्या सूनबाईंबरोबर पाचही बांध्या पायी फिरून पाहिल्या. चला, तुम्हीही बरोबर या.

घरामागे लागूनच खारी आहे, अर्ध्या एकराची. या बाजूला गावाजवळच्या, पिढ्यान्‌पिढ्या खात पडलेल्या जमिनीला खारी म्हणतात. गोठ्याचे धुणे तिकडे, चुलीची राख तिकडे, उकिरडाही तिच्याच कडेला. वांगी, मिरची, वाल असे काहीबाही घरापुरते तिच्यात होते. मोठी काळजी असते ती खारीचीच, कारण ती डोळ्यांसमोर असते. सूनबाईंचा विचारही पहिली चुंगडी येथेच टाकायचा होता. पत्रिकेत या मातीचे स्फुरद ‘भरपूर’ या रकान्यात होते. ते तसे असणारच. नत्र उडून जाते, पाण्याबरोबर खाली जाते. स्फुरद जागा सोडत नाही. आजोबांनी टाकलेल्या शेणातले स्फुरदही थोडेफार तेथेच आहे. येथे दोन-तीन वर्षे स्फुरदाचे दाणेदार खत एक मूठही नको, असे मी स्पष्ट सांगितले. त्यांना ते पटायला वेळ लागला. जी जमीन चांगली पिकते तिलाच आणखी घालावे असे प्रत्येकाला वाटते. लेकरांच्या बाबतीतही आपण असेच करतो, असो.

खारी ओलांडून पांदणीने वर चढले की सिहार लागते. पिवळसर, वाळू मिसळलेली, पाणी फार न धरणारी. तिच्यावर, टेकडीच्या पायथ्याला, बरडी. ती तांबडी, मुरमाड, गवताची. सिहारीच्या खालच्या अंगाला मोरांड, आणि अगदी खाली, बोडीच्या पाण्याखाली, काळपट चिकण मातीची खोल बांधी. तिला कन्हार म्हणा. बरडी, सिहार, मोरांड, कन्हार ही नावे या भागातल्या लोकांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठेवलेली आहेत, आणि मला तरी ती कृषी महाविद्यालयात शिकलेल्या वर्गीकरणापेक्षा शेतात जास्त उपयोगी पडली आहेत. वरून खाली बांध्या जिन्यासारख्या उतरतात, तसे पाणीही उतरते आणि स्फुरदही उतरते. ते कसे, ते पुढे सांगतो.

आधी एक साधी गोष्ट पाहू. तुम्ही टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २५ टक्केच मिळते. बाकीचे कोठे जाते? तांबड्या, थोड्या आम्ल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तेच काम चुना करतो. धरलेले स्फुरद नष्ट होत नाही. ते हळूहळू, थोडेथोडे सुटते. पण या वर्षीच्या पिकाला त्याचा फारसा उपयोग नसतो.

आता धानाची गंमत पाहा. चिखलणी करून बांधीत पाणी उभे राहिले की काही दिवसांत मातीतली हवा संपते. हवा संपली की मातीतल्या लोहाचे रूप बदलते, आणि त्याने धरून ठेवलेले स्फुरद मोकळे होऊ लागते. हे तुम्हाला डोळ्यांनी पाहता येते. पाणी भरलेल्या बांधीत हात खुपसून चिखल काढा. तो निळसर-करडा दिसेल. त्यातले धानाचे मूळ धुऊन पाहा, त्याभोवती गंजासारखा तांबडा लेप असतो. मूळ वरून हवा आणते, त्या हवेने मुळाभोवतीचे लोह पुन्हा तांबडे होते. निळसर चिखल म्हणजे लोहाची मूठ सुटली. म्हणूनच खोल, सतत पाणी राहणाऱ्या बांधीत खरिपाच्या धानाला स्फुरदाची कमतरता सहसा तितकी जाणवत नाही. पुष्कळ शेतकरी सांगतात, “साहेब, खालच्या बांधीत डीएपी टाका की नका टाकू, फरक दिसत नाही.” ते खोटे बोलत नाहीत.

पण धान निघाले, पाणी उतरले, जमीन वाळली की हवा परत येते, लोह परत तांबडे होते आणि स्फुरदाला पुन्हा धरते. अशा जमिनीत तुम्ही हरभरा, जवस किंवा गहू पेरता. तेव्हा त्या पिकाला स्फुरद मिळविण्याची खरी मारामार. आणि आपले रिवाज मात्र उलटे. खरिपाच्या धानाला भरभरून द्यायचे, कारण धान विकायचे असते, आणि रब्बीच्या हरभऱ्याला ‘ओलीवर येतो’ म्हणून काहीच द्यायचे नाही. घरात खत थोडे असेल तर ते रब्बीला द्या आणि खरिपाच्या धानाला त्या खताच्या उरलेल्या अंशावर काही प्रमाणात निभावून न्या, हे उत्तरेकडच्या धान-गहू पट्ट्यातही वापरले जाणारे धोरण आहे.

उन्हाळी धानाची गोष्ट थोडी वेगळी. ज्यांच्या बांध्यांना वाघ प्रकल्पाचे, कालीसराड-पुजारीटोल्याचे पाणी मिळते, किंवा ज्यांची बोअर आहे, ते पौष-माघात रोवणी करतात. तेव्हा थंडी असते. थंड चिखलात लोहाची मूठ लवकर सुटत नाही, मुळेही सुस्त असतात. त्यामुळे उन्हाळी धानाला स्फुरदाचा पूर्ण हप्ता चिखलणीच्या वेळीच द्यावा, त्यात काटकसर नको.

मोरांडीच्या बांधीत सूनबाई हरभरा पेरणार होत्या. एक एकर. पत्रिकेत स्फुरद ‘कमी’. मी म्हटले, पहिली चुंगडी येथे. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी १० आणि २०. डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. एक पिशवी, एक एकर, हिशेब आपोआप बसतो. डीएपी मिळाले नाही (आणि पेरणीच्या ऐन वेळी ते मिळत नाही हा अनुभव तुम्हालाही असेलच) तर एकरी अडीच पिशव्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि सुमारे २० किलो युरिया घ्यावा. सुपर फॉस्फेटच्या पिशवीत स्फुरद फक्त ८ किलो, म्हणून वाहायला जड. पण त्यात गंधक आणि चुनाही असतो, आणि हरभरा, जवस, तीळ अशा पिकांना गंधक मानवते. मला विचाराल तर डाळी-तेलाच्या पिकांना मी सुपरच घेईन. डीएपीच्या मागे धावणाऱ्या लोकांनी रांगेत घालविलेले दिवस मोजले तर सुपर स्वस्त पडते.

किती द्यायचे यापेक्षा कोठे द्यायचे हे अधिक महत्त्वाचे. स्फुरद मातीत चालत नाही. पडले तेथून बोटभरही मोठ्या मुश्किलीने सरकते. वरून फेकले की ते वरच्या वाळणाऱ्या थरात अडकून बसते आणि हरभऱ्याचे मूळ ओलीच्या शोधात खाली गेलेले असते. दोघांची गाठच पडत नाही. म्हणून नांगराच्या तासात आधी खत पडावे, त्यावर थोडी माती यावी, मग बी. बियाला खत चिकटता कामा नये. या रीतीने खताचा मातीशी संबंधही कमी येतो, त्यामुळे जमीन त्याला कमी धरते. सूनबाईंकडे पेरणीला माणूस एकच, म्हणून मी त्यांना सांगितले की त्यांनी आणि मुलीने मिळून एका दिवसात अर्धा एकर करावे, पण फेकू नये.

बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू, दोन्ही दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम प्रमाणे चोळावेत, सावलीत सुकवून लगेच पेरावे. यांचे काम काय, तेही नीट समजून घ्या. हे जिवाणू स्फुरद तयार करीत नाहीत, जमिनीत अडकलेल्यातले थोडे सोडवून देतात. पाकिटावर काहीही छापलेले असो, त्यांनी पिशवीची गरज संपत नाही. पाकीट उन्हात ठेवलेल्या दुकानातून तर घेऊच नका.

बोडीखालच्या कन्हारीत धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोळी फेकलेली होती. त्याला इकडे उतेरा म्हणतात. कोवळी रोपे खुटांमधून वर आली होती. सूनबाईंनी विचारले, “याच्यावर एक चुंगडी फेकू का जी?” मी नाही म्हटले. उतेऱ्याला नांगर लागत नाही, त्यामुळे खत मुळाशी नेण्याचा मार्गच नाही. वरून फेकलेले वरच राहील. उतेऱ्याला स्फुरद द्यायचे असेल तर ते आषाढात, धानाच्या शेवटच्या चिखलणीला देऊन ठेवावे लागते. मग धानाला पाण्यामुळे मिळते आणि मागे राहिलेले लाखोळीला. म्हणून या बांधीला पुढच्या चिखलणीत अर्धा हप्ता पुरे, पण तो अजिबात चुकवू नये. का, ते साध्या वजाबाकीने सांगतो. एक क्विंटल धान आणि त्याचे तणस मिळून जमिनीतून साधारण सहाशे-सातशे ग्रॅम स्फुरद उचलतात. एकरी १५ क्विंटल धान झाले तर ९-१० किलो गेले. तेवढे परत न घालता दहा वर्षे काढली तर खालची बांधीही एक दिवस वरच्या बांधीसारखी होईल.

आणि हे स्फुरद जाते कोठे? त्यातला मोठा वाटा दाण्यात, आणि दाण्यातही मुख्यतः कोंड्याच्या थरात असतो. गोंदियाच्या भातगिरण्या तुम्ही पाहिल्याच असतील. तांदूळ पांढरा करताना निघालेला कोंडा तेल काढायला आणि पशुखाद्याला जातो. म्हणजे सालेकसाच्या बांधीतले स्फुरद कोठल्यातरी शहराजवळच्या गोठ्यात पोहोचते. आपण त्याच्या जागी जे आणतो ते तर आणखी दुरून येते. डीएपीसाठी लागणारा स्फुरदाचा दगड आणि त्याचे आम्ल आपला देश मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो, मोरोक्को, जॉर्डन वगैरे देशांतून. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, पण तेवढ्याने भागत नाही. २०२१ मध्ये जगाच्या बाजारात भाव चढले तेव्हा केंद्र सरकारला डीएपीच्या एका पिशवीमागचे अनुदान ५०० रुपयांवरून १२०० रुपये करावे लागले होते. पेरणीच्या तासात हाताने सोडलेला एकेक दाणा इतक्या लांबून आलेला असतो.

सिहारीकडे आता वळू. माझ्या चुकीची जागा. स्फुरद ‘कमी’, जस्तही कमी. ही बांधी पाणी धरीत नाही. पाऊस आला की भरते, उघडीप पडली की चार दिवसांत कोरडी. येथे लोहाची मूठ कधी सुटते, कधी पुन्हा आवळते, म्हणून खालच्या बांधीचा नियम येथे लावता येत नाही. मध्यम मुदतीच्या धानाला हेक्टरी १००:५०:५० अशी जी शिफारस आहे त्यातले स्फुरद, एकरी २० किलो, येथे पूर्ण द्यावे. सगळे शेवटच्या चिखलणीला, मातीत मिसळून. रोवणीनंतर महिन्याने डीएपी फेकण्याची जी पद्धत पडली आहे तिचा स्फुरदापुरता उपयोग फारच थोडा. फुटवे फुटण्याची वेळ निघून गेलेली असते. फेकल्यावर धान हिरवे होते खरे, पण ते त्यातल्या नत्राने, आणि नत्रच हवे असेल तर युरिया पुष्कळ स्वस्त.

जस्तासाठी एकरी १० किलो झिंक सल्फेट, पण सुपर फॉस्फेटमध्ये कालवून नाही. दोघांची गाठ पडली की जस्त अडकते. एक आधी टाकावे, दुसरे दोन-चार दिवसांनी. उभ्या पिकात खैरा दिसलाच तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, अशी फवारणी. मी त्या वर्षी एवढेच सांगितले असते तर!

स्फुरदाची उणीव ओळखताना आणखी एक फसगत होते. नत्र कमी पडले की धान पिवळे पडते आणि आपण धावतो. स्फुरद कमी पडले तर धान उलट गर्द हिरवे, ताठ दिसते. फक्त ते बुटके राहते, फुटवे येत नाहीत आणि निसवायला उशीर होतो. शेजारच्या बांधीतल्या फुटव्यांशी मोजून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. हरभऱ्यात जुनी पाने जांभळट होतात, ते थोडे लवकर लक्षात येते.

रोवणीबद्दल बायकांसाठी एक युक्ती. पऱ्ह्यांच्या पेंढ्या रोवण्यापूर्वी सुपर फॉस्फेट कालवलेल्या पातळ चिखलात मुळे बुडवून ठेवली तर थोड्या खतात मुळांभोवतीच स्फुरद मिळते. ज्यांच्याकडे खत अगदीच अपुरे आहे त्यांनी हे करावे. हातांना थोडी चुणचुण होते, संध्याकाळी हात धुऊन तेल लावावे.

सर्वांत वर, बरडीत, घरची गाय आणि दोन कालवडी चरत होत्या. पलीकडे झुडपी जंगल. आमच्या विदर्भातल्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या याच जमिनीवर चरत आली आहेत आणि कोणीही कधी तिच्यात काही परत घातलेले नाही. आम्ही बोलत असता एक कालवड हाडाचा तुकडा चघळताना दिसली. सूनबाई म्हणाल्या, “तिची खोडच हाय जी. चिंध्या खाते, हाडं चघळते. गावरानीची नजर लागली म्हनतात.”

वाचकहो, ही खोड नाही आणि नजरही नाही. ज्या चराईत स्फुरद नाही तिथली जनावरे हाडे शोधतात, कारण हाडांत स्फुरद असते. दक्षिण आफ्रिकेत आर्नॉल्ड थायलर नावाच्या पशुवैद्यांनी गेल्या शतकात १९२० च्या सुमारास हे नीट दाखविले. तिथल्या माळांवर गुरे लुळी पडून मरत होती. त्यांच्या लक्षात आले की गवतात स्फुरद कमी, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात आणि त्या हाडांतल्या सडक्या मांसाच्या विषाने मरतात. हाडांची भुकटी खाऊ घातल्यावर हाडे चघळणे थांबले. आपल्याकडे अशी जनावरे वेळेवर माजावर येत नाहीत, गाभण राहत नाहीत, दूध आटते, आणि आपण गाय भाकड म्हणून विकून टाकतो. दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, कालवडीला त्याच्या निम्मे, आणि चिमूटभर मीठ. बरडीत मेलेल्या जनावराची हाडे पडू देऊ नयेत, खोल पुरावीत. चिंध्या खाण्याला इतरही कारणे असतात, जंत असू शकतात, म्हणून गुरांच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

बरडीत धान्य पिकवायचा हट्ट करण्यापेक्षा मृगात स्टायलो गवताचे बी फेकावे. त्याला गवत म्हणतात, पण ते द्विदल आहे. गरीब, स्फुरद नसलेल्या जमिनीतही ते तग धरते आणि नत्र स्वतःचे स्वतः मिळविते. सुपर फॉस्फेटची एखादी पिशवी मिळाली तर ती त्यालाच द्यावी. गवतापेक्षा द्विदलाला स्फुरद अधिक मानवते. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांनी अशाच गरीब माळांवर द्विदल चारा आणि सुपर फॉस्फेट यांची जोडी लावून चराई उभी केली. पुढे कित्येकांनी सवयीने दरवर्षी इतके टाकले की आता तिथले जाणकार माती तपासून ‘पुरे करा’ असे सांगतात. म्हणजे खारीची गोष्ट सगळीकडेच आहे.

बरडीवरून खाली पाहिले की पाचही बांध्या आणि बोडी एका नजरेत येतात. पावसात वरून उतरणारे गढूळ पाणी आठवा. स्फुरद पाण्यात सहसा विरघळून जात नाही, मातीच्या बारीक कणांना चिकटून जाते. गढूळ पाणी म्हणजे वाहून चाललेली चुंगडी. ती वरच्या बांधीतून खालच्या बांधीत आणि शेवटी बोडीत बसते. मालगुजारांच्या काळातली तळी आणि गावच्या बोड्या उन्हाळ्यात आटल्या की तो गाळ काढून सिहारीत आणि बरडीत पसरण्याची जुनी चाल होती. मध्ये ती मोडली. २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हा काही गावांत ट्रॅक्टर लागले. गाळ खाली उतरलेला असतो, तो वर न्यायचा, एवढेच. आणि धुरे फुटू द्यायचे नाहीत. शेणखताबद्दलही हेच. एक बैलगाडी अर्धा टन धरली तर तिच्यात साधारण सव्वा किलो स्फुरद येते. दहा गाड्यांनी अर्ध्याहून अधिक हप्ता भागतो. पण त्या दहा गाड्या दरवर्षी खारीतच पडतात, कारण ती जवळ आहे! या वर्षी त्या सिहारीत न्यायच्या, असे ठरले.

घरी परत येऊन हिशेब मांडला. एक चुंगडी आता मोरांडीत हरभऱ्याला. सिहारीसाठी आषाढात सुपरच्या दीड पिशव्या आणि शेणखत, शिवाय १० किलो झिंक सल्फेट. कन्हारीला सुपरची एक-सव्वा पिशवी. खारीला शून्य. तीन चुंगड्यांच्या पैशांत एवढे भागवून गाईच्या खनिज मिश्रणाला थोडे उरत होते. बाबाजी सारे ऐकत होते. ते म्हणाले, “लिहून द्या जी. मागे तुमी तोंडी सांगितलं होतं.” मी पत्रिकेच्या पाठीमागे लिहून दिले आणि खाली सही केली.

दुपारी वेळ होता म्हणून दरेकसापर्यंत जाऊन आलो. स्थानकापासून थोड्या अंतरावर हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यानंतर त्याची धार बारीक झाली होती. त्याच डोंगरांत कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाजाचे लोक येतात. तुम्ही यायचे ठरविले तर थंडीत या, आणि गुहेच्या चढाला पायांत नीट चपला असू द्या.

संध्याकाळी सालेकसाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या गावचे एक मामाजी सायकलवरून धापा टाकीत आले. हातात रुमालाची पुरचुंडी. “साहेब, आमच्याही बांधीची माती घेऊन जा जी, तपासाले.” मी उघडून वास घेतला. ओली, काळी, भुसभुशीत. विचारले, कोठून काढली? म्हणाले, “उकिरड्याच्या बाजूलेच काढली. तिथं चांगली माती हाय.”

मी पुरचुंडी बांधून त्यांच्या हाती परत दिली. सांगितले, हरभरा पेरण्याआधी, खत टाकण्याआधी, बांधीतल्या आठ-दहा जागांवर वीतभर खोल खड्डा करा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या. धुऱ्याजवळ नको, झाडाखाली नको, उकिरड्याजवळ तर नकोच. सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जा, अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरा आणि आत नाव-गाव, बांधीचे नाव, मागचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाका. सिहारीची पिशवी वेगळी, मोरांडीची वेगळी.

“म्हंजे चांगली माती नको?” मामाजींनी विचारले.

गाडीचा दिवा धानोलीच्या दिशेने नव्हे, दरेकसाच्या वळणावर दिसला. मी म्हटले, “जी बांधी सगळ्यांत कमी पिकते तिची आणा. मी पुढच्या मंगळवारी येतो.”